जवळा बाजारला पिशवीच गेली

त्या दिवशी न्याहारीच्या वेळी तुम्हा दोघांना फोनवर आजी दिसायला हवी होती. दिसली एक पिशवी. निळ्या चौकड्यांची, बसच्या खिडकीला टेकून ऐटीत बसलेली, आणि तिच्या शेजारी एक अनोळखी बाई. ती बाई हसत होती, तुमचे बाबा ओरडत होते, आणि त्याच वेळी मी भलत्याच रस्त्यावर, भलत्याच गाडीत, एका सज्जन माणसाशी भांडत होते. पिशवीची बाजू तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. माझी बाजू फोनवर सांगायला घेतली की तुमचे बाबा मध्ये बोलतात, म्हणून ती आता सलग लिहून ठेवते.

बसचं वेड मला हैदराबादला लागलं. माझे वडील तिथे नोकरीला होते आणि मी इंग्रजी शाळेत जात होते. शाळेच्या रस्त्याला दुमजली बस होती. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली की झाडांच्या फांद्या काचेवर आपटायच्या आणि आपण दचकून मागे सरायचो. तुमच्यातला थोरला हल्ली तिकडे परदेशातल्या दुमजली बसमध्ये त्याच जागेसाठी जिन्यावरून धावतो, असं मला कळलं आहे. ते त्याच्या आईकडून आलेलं नाही.

लग्न होऊन हिंगोलीला आले तेव्हा दुमजली बस सुटली आणि लाल गाडी मिळाली. शाळेत इंग्रजी शिकवायला जायचे तीही लाल गाडीनेच. नोकरी संपली तरी गाडी सुटली नाही. वळणावर गिअर बदलताना गाडी कशी कण्हते, कंडक्टरने दोरी ओढली की दोनदा घंटी कशी वाजते, खिडकीची काच कुठल्या खाचेत अडकवली की खडखडत नाही, हे सगळं मला आवडतं. रिकाम्या दिवशी मी स्टँडवर जाते, समोर जी गाडी बरी दिसेल तिच्यात बसते, शेवटच्या गावाला चहा पिते आणि परत येते. आपल्या गल्लीत हे कुणाला पटत नाही. मी पिशवी घेऊन निघाले की शेजारच्या काकू दारात येतात. "कोण आजारी आहे?" असं विचारतात. कुणी आजारी नसताना, लग्न नसताना, बाजार नसताना माणूस प्रवास करतं, यावर त्यांचा विश्वास नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुमच्या बाबांनी तिकडून फोनवर फर्मान काढलं. "आई, आता बस बंद. मी गाडी ठरवली आहे, ड्रायव्हरसकट. कुठे जायचं ते त्याला सांगायचं."

"मला कुठे जायचंच नसतं."

"मग प्रश्नच मिटला."

"अरे, कुठे जायचं नसतं म्हणून तर मी बसने जाते."

मग गुडघा, गर्दी, पायऱ्या, धक्काबुक्की, सगळं पुन्हा एकदा झालं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि हेच मला जास्त टोचत होतं. ती गाडी मी पाहिली होती. पांढरी, काचा बंद, आत गारवा, आणि ड्रायव्हर असा अबोल की आरशात पाहूनसुद्धा हसायचा नाही. त्या गाडीतून मी कुठेही पोचले असते, पण वाटेत मला कोणी भेटलं नसतं. शेवटी मी म्हणाले, माझी परीक्षा घे. पास झाले तर बस, नापास झाले तर तुझी गाडी.

आयुष्यभर परीक्षा घेतल्या, त्यामुळे अटी मीच मांडल्या. एकच दिवस. सकाळी निघून नरसी, परत हिंगोली, तिथून औंढा, मग जवळा बाजार, आणि दिवेलागणीच्या आत घरी. प्रत्येक स्टँडवरून एक फोटो. सगळे फोटो आले आणि मी वेळेत घरी असले तर बस चालू राहणार. नाहीतर पहिल्या तारखेपासून पांढरी गाडी. तुमचे बाबा लगेच कबूल झाले, याचा अर्थ मी नापास होणार अशी त्यांना खात्री होती.

आदल्या रात्री पिशवी भरून ठेवली. तळाला शाल, तिच्यावर डबा, डब्यात धपाटे आणि दाण्याची चटणी. बाजूला पाण्याची बाटली, गोळ्यांची पुडी, आधार कार्ड. सगळ्यांत वर फोन, म्हणजे फोटो काढायला हाताशी. पैशाचं पाकीट तेवढं कमरेला खोचलं.

नरसीचा फेरा छान झाला. दिवाळी होऊन गेली होती, थंडी नुकती सुरू झाली होती, आणि खिडकीतून येणारं ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं. तुरीला पिवळी फुलं आली होती. हळदीची पानं अजून हिरवी होती. माझ्या शेजारी एक बाई टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "कुनाकडं चालल्या?"

"कुणाकडेच नाही."

"मंग काहून चालल्या?"

"खिडकीतून बघायला."

तिने मागच्या बाकावरच्या मैत्रिणीकडे मान वळवली. "ऐकलं का गं? आमी शेत बघून बघून कंटाळलो, आन ह्या तेच बघाया गाडीत बसून राहिल्या."

"नांदू दे माय," मागची म्हणाली. "घरी सून चांगली असंल."

(तुमच्या आईला हे जरूर सांगा.)

नरसीला देवळाबाहेरच्या दुकानात चहा घेतला, दुकानदाराकडून फोटो काढून घेतला आणि पाठवला. तिकडे तुम्ही गाढ झोपेत होता. परत हिंगोलीला आले, स्टँडचा फोटो काढला, तोही पाठवला. दोन पेपर सोडवून झाले होते आणि माझा हात जरा सैल सुटला होता. हुशार मुलं तिसऱ्या पेपरला चुकतात ती अशीच.

आता एक चाल तुम्हाला समजावून सांगायला हवी, कारण तुमच्याकडे लोक रांगेत उभे राहतात. आपल्याकडे गाडी लागली की दारात झुंबड उडते. पण जागा दारातून मिळत नाही, खिडकीतून मिळते. खाली उभं राहून खिडकीतून रुमाल, टोपी, उपरणं, पिशवी, हाताला येईल ते सीटवर टाकायचं. ते पडलं की जागा तुमची. मग तुम्ही सावकाश दारातून या, कोणी हरकत घेत नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला पहिल्या पहिल्यांदा हा शुद्ध अडाणीपणा वाटायचा. पुढे ध्यानात आलं की ही रांगच आहे, फक्त ती सीटवर लागते आणि माणसाच्या ऐवजी रुमाल उभा राहतो. सीटवरचा रुमाल उचलून खाली टाकणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. माझा नवा गुडघा दारातल्या झुंबडीत टिकणारा नव्हता, म्हणून मलाही खिडकीच बरी होती.

जवळा बाजारचा आठवडी बाजार होता त्या दिवशी. गाडीला हीऽ गर्दी. मी मागच्या बाजूने दोन गाड्यांच्या मधल्या बोळात शिरले. डाव्या हाताला जवळ्याची गाडी, पाटी मी नीट वाचली होती. ड्रायव्हरच्या बाजूची तिसरी खिडकी उघडी होती आणि तिच्याशी एक बाई बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात कोपरापर्यंत पांढरी कडी, तांड्यावरची असावी. मी पिशवी वर केली. तिने विचारलं नाही, काही नाही, दोन्ही हातांनी पिशवी आत ओढली, स्वतः आत सरकली आणि खिडकीची जागा पिशवीला दिली.

"या माय चढून," ती म्हणाली. "मी हाय इथं."

मी वळले. समोर गाडीचं दार, दारात माणसं. कोणीतरी म्हणालं, "आज्जीला घ्या रे वर," दोन हातांनी मला उचलल्यासारखं केलं, आणि मी गाडीत. इथेच चूक झाली. तुम्ही कागदावर दोन गाड्या शेजारी शेजारी काढा आणि मधल्या बोळात आजी काढा. आपल्याकडे गाडीचं दार डाव्या अंगाला असतं. म्हणजे बोळात माझ्या डावीकडच्या गाडीची फक्त खिडकी होती, तिचं दार पलीकडच्या अंगाला. माझ्या समोर आलेलं दार उजवीकडच्या गाडीचं होतं. पिशवी एका गाडीत चढली आणि मी दुसऱ्या.

मी मात्र डोळे मिटून सांगावं इतक्या खात्रीने तिसऱ्या खिडकीपाशी गेले. तिथे पांढऱ्या मिशांचे, डोक्याला फेटा बांधलेले एक गृहस्थ बसले होते. पिशवी नाही, बाई नाही.

"इथली पिशवी कुठे ठेवलीत?" मी विचारलं.

"कोनची पिशवी?"

"निळ्या चौकड्यांची. मी जागा धरली होती. आणि इथली बाई कुठे गेली?"

"आता बाई बी हरपली का?" त्यांनी बाकाखाली वाकून पाहिलं. "आज्जी, मी गाडी लागल्यापासून हितंच बसून राहिलो. ना पिशवी ना बाई."

"मला आज्जी म्हणू नका. तुमच्या मिशा माझ्या केसांपेक्षा पांढऱ्या आहेत."

पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. कोणी म्हणालं की पिशवी सरकून पुढे गेली असेल, कोणी म्हणालं की पोलिसात सांगा, एकीने तर त्या बिचाऱ्यांना सरळ म्हटलं, "काढा की काका, म्हाताऱ्या बाईची पिशवी काहून लपवली?" गाडी तोवर स्टँडच्या बाहेर पडली होती. ते गृहस्थ शांतपणे उठले आणि उपरणंसुद्धा झटकून दाखवलं, फेटा तेवढा सोडायचा बाकी ठेवला. एवढ्यात कंडक्टर आला.

"कुठं, आज्जी?"

"जवळा बाजार."

मग मागून एकजण खो खो हसला आणि त्याच्यामागे सगळी गाडी.

"ही बाळापूरला चालली," कंडक्टर म्हणाला. "आखाडा बाळापूर. कळमनुरीवरून."

बाहेर पाहिलं. रस्ता खरोखरच कळमनुरीचा होता. ज्या बाईला या जिल्ह्यातल्या गाड्या आवाजावरून ओळखता येतात असं तुम्हाला सांगितलं होतं, तिला पाटी वाचूनसुद्धा गाडी ओळखता आली नव्हती. मी त्या गृहस्थांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या. बसा खिडकीला. तुमची जागा न्हाई, तरी बसा." आणि त्यांनी खरंच खिडकी सोडली.

"आधार कार्ड दाखवा," कंडक्टर म्हणाला. आम्हा पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट आहे, पण कार्ड लागतं.

"पिशवीत आहे."

"मंग बायांचं अर्धं तिकीट काढा. कार्ड असलं तर तुमी म्हाताऱ्या. कार्ड न्हाई म्हणल्यावर नुसत्या बाई."

सगळे पुन्हा हसले. मीही हसले. कार्डाचं काही नाही. पण फोनही पिशवीत होता. फोटो आता जाणार नव्हते. तुमचे बाबा उठले असतील, नरसीचा फोटो, हिंगोलीचा फोटो पाहून पुढच्याची वाट बघत असतील. फोटो आला नाही की ते फोन करणार. आणि त्यांचा नंबर मला पाठ नव्हता. तो नेहमी फोनलाच पाठ असतो. पांढरी गाडी माझ्या दाराशी येऊन उभी राहिलेली मला दिसायला लागली.

शेजारच्या गृहस्थांनी खिशातून आपला फोन काढला. "स्वतःचा नंबर तरी ठाव हाय ना? लावा त्याला. पिशवी बोलंल."

लावला. माझाच फोन व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. गृहस्थ म्हणाले, "पिशवीला लई वळखी दिसतात."

तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला. "हॅलो, कोन?"

"मी पिशवीची मालकीण."

"अगं याडी!" ती जवळजवळ ओरडली. तिच्या बोलीत याडी म्हणजे आई. "कुठं हायस तू? मी केव्हाची जागा धरून बसले. गाडी तर औंढ्याच्या रस्त्याला लागली. मी कंडक्टरला म्हणलं, थांब रे, म्हातारी मागं ऱ्हायली. ते म्हणते, बसली असंल मागं कुठं तरी."

मी कुठे आहे ते सांगितलं. ती एवढं हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

"तुझ्या लेकाचा फोन आला व्हता," ती म्हणाली. "तोंड दिसनारा. इचारलं, आई कुठं हाय. मी म्हणलं, आई न्हाई, पिशवी हाय."

"मग?"

"मंग त्याला दिसावी म्हणून पिशवी दाखवली. दोन लेकरं बी व्हती तिथं, लई हसली. तुझा लेक इंग्रजीत कायतरी म्हणला. मी म्हणलं, बाबू, मराठीत बोल. मंग ते गपच झालं."

त्या इंग्रजीत काय होतं ते तुम्ही मला अजून सांगितलेलं नाही. ठीक आहे.

मी तिला म्हटलं, त्याचा पुन्हा फोन आला तर सांगा, आई बरी आहे, सुखरूप आहे, संध्याकाळी घरी असेल. आणि डब्यात धपाटे आहेत, ते खाऊन घ्या. मग तिने फोन तिच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिला. तो म्हणाला, "काळजी करू नका. गाडी जवळ्याला पोचून वापस हिंगोलीलाच येते. पिशवी जागेवरच ऱ्हाईल. मी लक्ष ठेवतो."

"पण जागा अडवून ठेवू नका. लोक उभे असतील."

"आज्जी, धरलेली जागा हाय," तो म्हणाला. त्याच्या मते एवढं पुरेसं होतं.

कळमनुरीला उतरले. फेटेवाल्या गृहस्थांनी खिडकीतून हात जोडले. "पुढच्या खेपेला आधी पिशवीला इचारा, कुठं चाललीस म्हणून!" मी परतीची गाडी धरून हिंगोलीला आले. शहाण्या बाईने तिथेच बाकावर बसून पिशवीची वाट पाहिली असती. मला ते पटेना. परीक्षेत एक प्रश्न चुकला म्हणून कोणी पेपर टाकून उठत नाही. जवळा बाजार आता होणार नव्हता, पण औंढा होण्यासारखा होता. परतीच्या वाटेवर पिशवीची गाडी औंढ्याला थांबतेच. समोर औंढ्याची गाडी लागली होती. मी बोळात शिरले नाही, पुढून पाटी वाचली, चालकाला विचारलं, एका बाईला विचारलं, आणि मगच चढले. उभं राहावं लागलं नाही. एका माणसाने आपला रुमाल उचलून घेतला आणि म्हणाला, "माझी माणसं आली न्हाईत, बसा."

औंढ्याच्या स्टँडवर ऊन कलायला लागलं होतं. प्रत्येक लाल गाडी दिसली की मी उठत होते आणि बसत होते. शेवटी ती आली. गच्च भरलेली. बाजार करून परतणारे लोक, पोती, पिशव्या, पालेभाज्यांची गाठोडी, दारापर्यंत माणसं उभी. मी कशीबशी आत शिरले आणि पाहिलं तर तिसऱ्या खिडकीशी, एवढ्या गर्दीत, माझी पिशवी एकटी बसली होती. तिच्या बाजूच्या जागेवर एक म्हातारे बाबा काठी धरून बसले होते, आणि त्यांच्या भोवती चार माणसं उभी. पिशवीला कोणी बोटही लावलं नव्हतं.

मी पुढे झाले आणि बसायला लागले.

"ओ बाई!" बाबांनी काठी आडवी केली. "जागा धरलेली हाय."

"माझीच आहे."

"तुमची कशी? ही पिशवी हिंगोलीहून येऊन राहिली. जवळ्याला जाऊन आली. तुमी तर आता औंढ्यात चढल्या."

"तेच सांगते. पिशवी पुढे गेली, मी मागे राहिले."

"असं सगळेच म्हणतेल," उभ्यांपैकी एकजण म्हणाला. "आमी काहून मंग उभं?"

कंडक्टर माणसांतून वाट काढत आला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. फोनवर माझा आवाज ऐकला होता, चेहरा नव्हता. "पिशवीत काय काय हाय?"

मी विद्यार्थ्यासारखं घडाघडा सांगितलं. "शाल, पाण्याची बाटली, गोळ्या, आधार कार्ड, फोन. डब्यात धपाटे आणि चटणी."

त्याने डबा उघडला. आत काठोकाठ गुडीशेव भरलेली होती. गुळाच्या पाकातली ती शेव तुम्हाला मागच्या सुट्टीत खिळखिळ्या दातांनी खाता आली नव्हती. मग कळलं. धपाटे त्या बाईने खाल्ले होते, आणि आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. तिने बाजारातून गुडीशेव घेऊन डबा भरला होता.

काठीवाल्या बाबांना मात्र एवढंच दिसलं की माझं उत्तर चुकलं. "बघा! धपाटे म्हणल्या, निघाली गुडीशेव."

"एवढी शिकल्यासारखी दिसते माय," कोणी तरी हळहळलं.

कंडक्टर आधार कार्डासाठी पिशवीत हात घालतोय तोच आत फोन वाजला. कंडक्टरने तो काढला, हिरवं बटण दाबलं, आणि पडद्यावर तुमचे बाबा आले. केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला. कंडक्टरने फोन फिरवून माझ्याकडे केला.

"साहेब, ह्या आज्जी तुमच्या हायत का?"

सगळ्या गाडीने माना वळवल्या. चालकसुद्धा मागे वळून पाहत होता. मला आयुष्यात इतक्या लोकांनी एकदम ओळखपरेडीला उभं केलेलं नव्हतं. तुमचे बाबा बघत राहिले, माझ्याकडे, माझ्यामागच्या माणसांकडे, आडव्या काठीकडे, रिकाम्या जागेकडे.

"हो," ते म्हणाले. "माझीच आई आहे."

"नक्की? नीट बघून सांगा. इथं मानसं उभी हायत."

"नक्की."

म्हाताऱ्या बाबांनी काठी बाजूला घेतली. "बसा माय. आधीच सांगायचं ना." आणि जसं काही झालंच नाही तसं त्यांनी माझ्यासाठी खिडकीची काच त्या खाचेत अडकवली, जिथे ती खडखडत नाही.

गुडीशेव मी भोवतालच्या उभ्या माणसांना वाटली, थोडी तुमच्यासाठी ठेवली. गाडी हलली. फोन माझ्या हातातच होता आणि तुमचे बाबा अजून तिथेच होते.

"फोटो किती आले?" मीच विचारलं. निकाल दुसऱ्याने सांगण्यापेक्षा आपण सांगितलेला बरा.

"दोन."

"म्हणजे नापास. जवळा बाजारला मी गेलेच नाही. पिशवी गेली."

त्यांनी विचारलं, "आई, जाताना पण एवढीच गर्दी होती का?"

"बाजाराचा दिवस. असणारच."

"आणि लोक उभे होते? पिशवीच्या बाजूला?"

"जाताना असणारच, येताना तू पाहिलेसच."

मागून तुमच्यातल्या धाकटीचा आवाज आला, पिशवीने तिकीट काढलं होतं का म्हणून. तुमचे बाबा हसले, दिवसभरात पहिल्यांदा. "मला वाटायचं," ते म्हणाले, "त्या गर्दीत तू एकटीच असतेस."

मी खिडकीबाहेर पाहिलं. तेवढं बोलायला त्यांना वेळ लागला होता, मी मध्ये बोलले नाही.

"पांढरी गाडी राहू दे," ते म्हणाले. "मी सांगतो त्या माणसाला. पण फोन पिशवीत नाही, गळ्यात. आणि पिशवी टाकलीस की गाडीला वळसा घालून जायचं, बोळातून चढायचं नाही."

"कबूल. पण मी नापास आहे, हे लक्षात ठेव. पुरवणी परीक्षा द्यावी लागणार."

"कधी?"

"पुढच्या बाजाराच्या दिवशी."

हिंगोलीला उतरले तेव्हा दिवे लागायचे होते. एवढी एक अट तरी पाळली गेली. शेजारच्या काकू दारातच होत्या. "कसं आहे आता?" त्यांनी विचारलं. सकाळपासून त्यांनी मनाने कोणाला तरी आजारी पाडलं होतं. मी म्हणाले, "बरं आहे. दिवसभर फिरून आली, ठणठणीत आहे." त्यांना हायसं वाटलं.

तुम्ही पाठवलेली फोनची दोरी पुढच्या आठवड्यात आली. लाल रंगाची निवडल्याबद्दल थोरल्याला शाबासकी. ती गळ्यात घालून बाजाराच्या दिवशी मी जवळ्याच्या गाडीत चढले, या वेळी दारातून आणि माझ्याच गाडीत. खिडकीशी मी बसले आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. पिशवीत तोच डबा होता, ताज्या धपाट्यांनी भरलेला. लोक चढत होते, विचारत होते, "कोनी हाय का इथं?"

"आहे," मी सांगत होते. कोणीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या दिवशी पिशवी सांभाळणारी ती बाई आज हिंगोलीला दिसली नव्हती; ती कोणत्या तांड्यावरची, कोणत्या फाट्यावर चढेल, मला काहीच ठाऊक नव्हतं. नावही मी विचारलं नव्हतं. तिने मला खिडकीतून क्षणभर पाहिलं होतं, तेवढंच. औंढा गेला, गाडीत उभ्यांची गर्दी झाली, आणि मला वाटायला लागलं की आता पिशवी मांडीवर घ्यावी, उगाच कोणाला ताटकळत ठेवू नये. एवढ्यात एका फाट्यावर गाडी थांबली आणि चढणाऱ्यांत पांढरी कडी दिसली.

ती माणसांतून वाट काढत आमच्यापर्यंत आली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर निळ्या चौकड्यांवर पडली आणि चेहरा फुलला.

"अगं, तू हायस व्हय!" ती पिशवीला म्हणाली. मग मान वर केली. "आन ही तुझी मालकीण. सापडली का शेवटी?"

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ती माझ्या शेजारी बसली.